चौदा नंबरच्या वर्गातली प्रार्थना

मत्सर वाईट, हे मला कोणी शिकवायला नको. माझे वडील चाळीस वर्षं पाद्री होते. बायबलातल्या दहा आज्ञा मला मुळाक्षरांच्या आधी पाठ होत्या. तरी गेल्या ऑक्टोबरात मी अशी जळत होते की मला अंगणात नुसतं उभं केलं असतं तर काडी न लावता पालापाचोळा पेटला असता.

जळत होते कॉर्लिस वेदर्बीवर. वय एकतीस, बिनलग्नाची, टेनेसीतल्या आमच्या गावच्या सरकारी शाळेत सहावीची शिक्षिका, वर्ग नंबर चौदा. मी नेडीन फसेल, चौथीची शिक्षिका, वर्ग नंबर सहा. एकोणीस वर्षं तीच खोली, तोच फळा. माझी एकुलती एक लेटी यंदा सहावीत गेली, म्हणजे कॉर्लिसच्या हाताखाली.

पाचवीपर्यंत लेटी मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या वर्गात यायची. अर्धं सँडविच मला द्यायची आणि माझ्या वाट्याचे द्राक्षाचे मणी खायची. सहावीत गेली आणि येणं बंद. कारण जेवणाआधी कॉर्लिस मुलांना गोल उभं करायची, हात धरायला लावायची आणि एकेकाला विचारायची, "तुझ्यासाठी आज काय मागू?" कोणाचं कुत्रं आजारी, कोणाचा बाप तुरुंगात, कोणाची भागाकाराची परीक्षा. सगळं ती नावानिशी देवापुढे ठेवायची. पोरं तिच्यावर जीव टाकत. घरी आल्यावर लेटीचं प्रत्येक वाक्य "मिस कॉर्लिस म्हणतात" पासून सुरू व्हायचं आणि मी बटाटे गरजेपेक्षा जाड सोलायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही. पाद्र्याची मुलगी घरात, आणि माझ्या पोरीला प्रार्थना शिकवणार कोण, तर हमरस्त्यावरच्या गिटारवाल्या चर्चची ही बाई!

तेवढं मी गिळलंही असतं. पण आम्हा बॅप्टिस्ट लोकांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मूल कळतं झालं की त्याने आपल्या तोंडाने म्हणायचं, मला घ्यायचाय. आईबापाने मागे लागायचं नाही, नुसती वाट बघायची. मी पाच वर्षं वाट बघत होते. गाडीत, भांडी पुसताना, केस विंचरताना लेटीने "ममा" म्हटलं की मी कान टवकारायची, आता म्हणेल. आणि ती म्हणायची, "ममा, माझे निळे मोजे कुठेत?"

एक दिवस शिक्षकांच्या खोलीत कॉर्लिस मला मागून बिलगली.

"नेडीन! किती लपवून ठेवलंस गं! तुला तर आकाश ठेंगणं झालं असेल!"

मी कॉफीचा कप सावरला. "कशाने?"

"लेटीच्या बाप्तिस्म्याने, आणखी कशाने! परवा गोलात म्हणाली, मला घ्यायचाय. मी तर रडलेच बाई. आणि मी पाण्याजवळ उभं राहावं असं म्हणतेय ती. तुझी हरकत नाही ना?"

"छे गं," मी म्हटलं. "घरी बोलणं झालंच होतं आमचं."

असं सरळ तोंडाने खोटं बोलून मी कागदांच्या कोठीत गेले आणि दार लावून रडले. पाच वर्षं! आणि ते वाक्य माझ्या पोरीने बोलून टाकलं कुठे, तर चौदा नंबरात, वीस पोरं आणि एका परक्या बाईसमोर. मला ते तिसऱ्या दिवशी कळलं, तेही कॉफीच्या यंत्रापाशी.

दर ऑगस्टला शाळा उघडण्याआधी जिल्ह्याचा वकील येऊन आम्हाला दीड तास समजावतो. सरकारी शाळेत मुलांनी आपणहून प्रार्थना केली तर तो त्यांचा हक्क. शिक्षकाने ती सांगायची नाही, करवायची नाही, शाळेच्या वेळेत त्यांच्यात सामीलही व्हायचं नाही. सरकार वेगळं, चर्च वेगळं. आम्ही डोनट खातो, कागदावर सही करतो आणि जे पूर्वी करत होतो तेच करत राहतो. आमच्या गावात कायदा आणि रिवाज शेजारी राहतात, पण एकमेकांकडे जात-येत नाहीत.

त्या शनिवारी दुपारी लेटी पोहायला गेली होती. मी स्वयंपाकघरातला संगणक उघडला. दूरच्या शहरात वकिलांची एक संस्था आहे, शाळा आणि चर्च वेगळी ठेवायला झटणारी. आमच्याकडे तिचं नाव शिवीसारखं घेतात. मी तिला पत्र लिहिलं. "एक पालक" म्हणून, नाव गुप्त ठेवा म्हणून. शाळेचं नाव, वर्ग नंबर चौदा, वेळ साडेअकरा. मी कायदाच तर पाळतेय, असं मनाला सांगितलं. मनाला ते पटलं नाही, पण बटण बोटाने दाबायचं असतं.

तीन आठवड्यांत जिल्हा कचेरीत संस्थेचं पत्र धडकलं. मला वाटलं होतं कॉर्लिसला ताकीद मिळेल आणि संपेल. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. एकदा वकील आत शिरल्यावर ते एका खोलीत थोडेच थांबतात! मुख्याध्यापक ट्रॅमेल यांनी आम्हाला ग्रंथालयात बसवून यादी वाचली. चौदा नंबरची प्रार्थना बंद. शुक्रवारच्या फुटबॉल सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी प्रार्थना बंद. ती माझा नवरा रॉइस बारा वर्षं म्हणत होता. भिंतींवरच्या दहा आज्ञा उतरवा. माझ्या वर्गातली चौकट तर माझ्या वडिलांच्या हातची होती. ती मीच शिडीवर चढून काढली. ट्रॅमेल शिडी धरून उभे होते. "नेडीन, मला क्षमा कर," ते म्हणाले. "ज्याने हे केलं त्याला देव बघून घेईल."

"घेईलच," मी वरून म्हटलं.

गाव पेटलं. अंगणाअंगणांत पाट्या लागल्या, आमच्याही: आम्ही प्रार्थना करणारच. पुलाच्या कामासाठी मिनेसोटाहून आलेलं एक कुटुंब कोणत्याच चर्चला जात नसे. सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली. त्यांच्या पोराला वाढदिवसांची बोलावणी येईनाशी झाली. मी त्यांना पेकानचे दाणे घालून भाजलेला गोड पाय-केक नेऊन दिला. तोंड मात्र उघडलं नाही. चोराच्या मनात चांदणं. दुकानात कोणी नुसतं "पत्र" म्हटलं तरी माझी ढकलगाडी कशावर तरी आदळायची.

आणि तरीही, खरं सांगते, आतून मी खूश होते. साडेअकराला चौदा नंबरातली पोरं आता नुसते डबे उचलून जेवणाच्या हॉलकडे जात होती. कॉर्लिस झेरॉक्सच्या यंत्रापाशी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मी सह्या केल्या होत्या गं, दर वर्षी. चूक माझीच. पण सांगायचं होतं ना मला तोंडावर!" मी तिची पाठ थोपटली. माझा हात कसा झडला नाही, कोण जाणे.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. बीन्स, कोलार्डची भाजी, कॉर्नब्रेड. रॉइस रोजच्यासारखी पाच सेकंदांची प्रार्थना उरकणार, तोच लेटी म्हणाली, "डॅडी, आज मी म्हणू? मिस कॉर्लिस म्हणाल्या, त्यांना आता आमच्याबरोबर म्हणता येणार नाही, पण घरी तुमची आई आहे, तिचे हात धरा. आणि ममा, आमच्याकडे सगळ्यांनी आमेन म्हटल्याशिवाय कोणी खायचं नाही, असं आहे."

आमच्याकडे म्हणजे चौदा नंबरात. पण तिने माझा हात धरला, घट्ट. मला वाटलं, जिंकले.

"हे प्रभू," लेटी डोळे मिटून म्हणाली, "मिस कॉर्लिसना सांभाळ. आणि ज्याने ते पत्र लिहिलं, त्यालाही सांभाळ. मिस कॉर्लिस म्हणतात, तो माणूस वाईट नसणार, त्याला कोणीतरी गोलाबाहेर ठेवलं असणार. त्याला आमच्यात घेता आलं असतं तर बरं झालं असतं. आमेन."

"आमेन," रॉइस म्हणाला आणि कॉर्नब्रेडकडे हात नेला.

"डॅडी, थांब. ममाचं राहिलंय."

 मी तोंड उघडलं, आवाज नाही. गावाशी सहा आठवडे गप्प राहिले, ट्रॅमेलना शिडीवरून उत्तर दिलं, कॉर्लिसची पाठ थोपटली, आणि एक साधा शब्द माझ्या तोंडून फुटेना. लेटीने डोळे उघडले. माझ्याकडे बघत राहिली. शाळेत मी मुलांकडे तशीच बघते, काही न विचारता, आणि ती कबूल करतात.

"ममा," ती हळूच म्हणाली. "तू?"

"हो," मी म्हटलं.

रॉइसचा हात तसाच थबकला. "नेडीन, काय बोलतेस तू हे?"

"का?" लेटीने विचारलं. तिने हात सोडला नव्हता, म्हणून मी खरं ते सांगितलं.

"तू मला आधी सांगितलं नाहीस. बाप्तिस्म्याचं. तिला सांगितलंस. पाच वर्षं मी वाट बघत होते, लेटी. मी तुझी आई आहे."

"म्हणूनच नाही सांगितलं!" तिचा आवाज चिरकला. "तू रडली असतीस. मग चर्चमधल्या सगळ्यांना फोन केले असतेस. मग आजोबांचं नाव निघालं असतं, मग तू माझा झगा निवडला असतास. मग ते माझं राहिलंच नसतं ना, ममा. तुझं झालं असतं. मिस कॉर्लिसनी नुसतं 'बरं' म्हटलं. एवढंच. 'बरं, लेटी.'"

मग तिने हात सोडला. कोणी जेवलं नाही. रॉइस उठून अंगणात गेला. आमची पाटी उपटायला की नुसतं उभं राहायला, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅमेलच्या कचेरीत जाऊन सांगितलं. मिनेसोटावाल्यांच्या दारात जाऊन सांगितलं. कॉर्लिसला सांगायला उभी राहिले तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच नव्हतं गं, की तूच बाहेर राहिलीस." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी जेवणाच्या हॉलवर देखरेख करायची पाळी माझी होती. साडेअकराला सहावीची पोरं आली. मोठ्या माणसाने सांगितलं नव्हतं, तरी कोपऱ्यातल्या टेबलापाशी त्यांनी आपला आपण गोल केला आणि हात धरले. कायद्याने त्यांना मोकळीक आहे. कॉर्लिस नियमाप्रमाणे पार दुसऱ्या टोकाला, पाठ करून, दूध वाटत उभी होती.

गोलात लेटी बोलत होती. काहीतरी मागत होती, बराच वेळ. मधेच तिने मान वर करून हॉलभर बघितलं, मला शोधलं, आणि तिच्या शेजारच्या मुलीने हात जरासा बाजूला केला. एका माणसापुरती जागा झाली.

मी दोन पावलं टाकली. दाराशी उभे असलेले ट्रॅमेल माझ्याकडे बघून हळूच मान हलवत होते, नाही म्हणून. शाळेची वेळ होती, आणि मी शिक्षिका होते.

मी जागीच थांबले. गोल थोडा वेळ तसाच उघडा राहिला, मग पोरांनी हात जुळवले.