डिकी भरून टेस्ट ड्राइव्ह

बायको गेल्याची बातमी नोझलमास्तरांना तिसऱ्या फोनला कळली. पहिले दोन त्यांनी स्वतःच कापले होते.

पहिल्या फोनवर पलीकडचा माणूस म्हणाला की मी गाड्यांच्या शोरूममधून बोलतोय, आणि मास्तर म्हणाले, आम्हाला गाडी नको. दुसऱ्या फोनला त्यांनी तेवढंही सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी त्या माणसाने शोरूमचं नावच काढलं नाही. तुमच्या मिसेस इथे आहेत, लगेच या, एवढंच म्हणाला आणि पत्ता सांगितला. मास्तर हात पुसत पुसत पोचले. काचेच्या मोठ्या दालनात, एका लाल गाडीसमोरच्या सोफ्यावर ती होती. शेजारी अर्धा कप चहा. डॉक्टर आधीच येऊन गेले होते. हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नाही, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मास्तरांनी ते मान्य केलं. ती गाड्यांच्या शोरूममध्ये काय करत होती, हे विचारायचं भान त्यांना त्या दिवशी नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी जी बारीक तोटी असते, नोझल, ती दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. बायको घरी पडदे शिवायची. तिचं मशीन पुढच्या खोलीत, त्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून. संसारात भांडणं झाली ती बहुतेक त्यांच्या कपड्यांच्या डिझेलच्या वासावरून.

ती गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात शोरूमचा माणूस फाईल घेऊन घरी आला. पन्नाशीला टेकलेला, टाय लावलेला, चेहऱ्याने गरीब. त्याने हळूच सांगितलं की काकू वर्षभर दर बुधवारी यायच्या. ती लाल गाडी बघायला. छोटीच, पण स्पोर्ट्स मॉडेल. बसकी, पुढून रागावल्यासारखी दिसणारी, मागे काचेच्या वर छोटा पंख.

"हा पंख कशाला?" मास्तरांनी चित्र बघून विचारलं.

"वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून."

"ती उडायची भीती होती का?"

यावर त्या माणसाने फाईल उघडली. फॉर्मवर तिचं नाव होतं, पत्ता होता, रंग लाल असं लिहिलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच रकान्यापाशी. पेट्रोलवर खूण करून खोडली होती. डिझेलवर खूण करून खोडली होती. असं चार वेळा. खाली तिच्या अक्षरात, ह्यांना विचारून सांगते.

तिने कधीच विचारलं नव्हतं.

मॅनेजर शनिवारी फाईल बंद करणार होता. त्याआधी ठरवायचं असेल तर ठरवा, असं सांगून टायवाला गेला. मास्तरांनी गाडी घ्यायचं त्याच संध्याकाळी पक्कं केलं. पैसे होते. दोघांनी साठवलेले, कशासाठी ते कधी बोलले नव्हते. पण गाडी घ्यायची तर तिच्या मनातली घ्यायची, आणि तिच्या मनात कुठली होती ते कळायला आता तीनच दिवस होते.

मेहुण्याला विचारलं. तो म्हणाला डिझेल, कारण त्याच्याकडे डिझेल होती आणि सगळ्या खानदानाकडे तीच असावी असं त्याचं मत होतं. मुलीला फोन केला. तिला आईच्या बुधवारांचा पत्ता नव्हता, पण मत तिच्याकडे तयार होतं.

"बाबा, आईने चौतीस वर्षं तुमचे कपडे वेगळ्या बादलीत धुतले. ती आपणहून घरात आणखी डिझेल आणेल?"

हे मास्तरांना पटलं. मग मेहुण्याचा पुन्हा फोन आला की चौतीस वर्षं ज्या बाईने डिझेल सोडलं नाही ती आता कशाला सोडेल. मास्तरांना हेही पटलं. मुलगी आणि मेहुणा मग परस्परच भांडू लागले आणि मास्तरांनी त्यातून अंग काढून घेतलं. तिला विचारता येत नाही तर निदान गाडीला विचारावं, असं ठरवून बुधवारी सकाळी ते स्वच्छ शर्ट घालून शोरूममध्ये गेले.

आधी पेट्रोल. मास्तर चालवायला बसले, टायवाला शेजारी. मास्तरांनी किल्ली अर्धी फिरवली आणि थांबले. जुन्या डिझेल गाडीत तसं थांबावं लागतं. एक पिवळा दिवा लागतो, आतली तार तापली की विझतो, मग गाडी सुरू करायची. इथेही पिवळा दिवा लागला. फक्त तो वेगळा दिवा होता आणि गाडी सुरू झाल्याशिवाय विझणार नव्हता. मास्तर दिव्याकडे बघत बसले. मास्तरांना काही आठवत असेल, अशा वेळी बोलू नये, म्हणून टायवालाही दिव्याकडे बघत बसला. बाहेरचा रखवालदार दोनदा येऊन काचेतून डोकावून गेला.

"काय थंडी आहे का हिला?" शेवटी मास्तर म्हणाले.

"काका, ही पेट्रोल आहे. थेट सुरू करा."

मास्तर ओशाळले. गाडी मात्र सुळकन निघाली. ही नऊ सेकंदांत शंभरचा वेग घेते आणि डिझेलला साडेअकरा लागतात, असं टायवाला सांगत होता. वाचलेल्या अडीच सेकंदांचं मी काय करू, असं मास्तरांनी विचारलं. त्यांच्याकडे सध्या सेकंद उदंड होते. यावर माहितीपत्रकात काही दिलेलं नव्हतं.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी टायवाला एकदम म्हणाला, डावीकडे घ्या. मास्तरांनी घेतली. अरुंद गल्ली होती, पुढे कपडे वाळत घातलेले, एका पायरीवर मांजर. असल्या गल्लीत शंभरचा वेग कसा बघायचा ते मास्तरांना कळेना.

"इकडे काय आहे?"

टायवाल्याचा चेहरा पडला. "सवय, काका. तोंडून निघून गेलं. बुधवारी आधी इथेच थांबायचो."

मग त्याने सगळं ओकून टाकलं. काकू पहिल्या बुधवारी एक पिशवी घेऊन आल्या होत्या. डिकीत किती मावतं ते बघायचंय म्हणाल्या. दुसऱ्या बुधवारी तीन पिशव्या. रिकामी गाडी कोणीही पळवेल, भरलेली कशी पळते ते बघू. चौथ्या बुधवारी पडद्यांच्या दांड्या आल्या, मागची सीट आडवी होते का ते तपासायला. ती झाली. टेस्ट ड्राइव्हच्या वाटेवर एकेक गिऱ्हाइकाचं घर लागत गेलं. थांबलोच आहोत तर जरा स्टूल धरा, असं म्हणून त्यांनी टायवाल्याला वर्षभरात पडदे टांगायला शिकवलं. आता गाडीपेक्षा त्याला पडद्यांतलं जास्त कळत होतं.

"ती चालवायची?"

"छे. शेजारी बसायच्या. म्हणायच्या, चालवणार आमचे हे. बसणाऱ्याची टेस्ट वेगळी असते."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. ती दर बुधवारी पाठ दुखते म्हणून संध्याकाळी लवकर आडवी व्हायची. ते तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे. स्टुलावर चढून दुखत असणार, हे आता कळत होतं.

"तुम्हाला कळत नव्हतं का, की तिला गाडी घ्यायचीच नाहीये?"

"दुसऱ्याच बुधवारी कळलं."

"मग?"

टायवाल्याने टाय सरळ केला. पडद्याच्या गिऱ्हाइकांपैकी तिघांना काकूंनीच ही गाडी घ्यायला लावली, असं त्याने सांगितलं. स्टुलावर उभ्या राहून बोलायच्या, समोरच्याला मान वर करून ऐकावंच लागायचं. दोघांना पेट्रोल, एकाला डिझेल. त्यामुळे मॅनेजरही मूग गिळून बसला. शिवाय शोरूमचा नियमच होता की टेस्ट ड्राइव्ह झाली की आठवडाभर फाईल बंद करता येत नाही. काकूंनी तो नियम पहिल्याच दिवशी विचारून घेतला होता.

मास्तरांनी मग तो एकच प्रश्न विचारला, ज्यासाठी ते आले होते. तिला कुठली आवडायची?

"पेट्रोलमध्ये बसल्या की बोलत सुटायच्या, थांबायच्याच नाहीत. डिझेलमध्ये बसल्या की झोपायच्या."

"झोपायची?"

"म्हणायच्या, हा आवाज रात्रभर माझ्या शेजारी असतो. सवय आहे."

मास्तर घोरतात हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आता शोरूमलाही माहीत होतं. ते हसले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि मध्येच खाली बघून उभ्या गाडीचा गिअर बदलू लागले. टायवाल्याने समजूतदारपणे खिडकीबाहेर मांजराकडे बघितलं.

तिने का विचारलं नाही, हे मास्तरांना त्या गल्लीत कळलं. तिने विचारलं असतं तर त्यांनी भाकरी मोडायच्या आत डिझेल म्हणून सांगितलं असतं, वर कारणंही दिली असती. गाडी दारात आली असती, ते दिवसभर दुकानात असते, आणि तिचे बुधवार संपले असते. तिच्या मनात ना पेट्रोल होतं ना डिझेल.

"आता डिझेलची टेस्ट घ्यायची ना?" टायवाल्याने विचारलं. "शनिवारची मुदत आहे."

"आज टेस्ट झाली ना? मग शनिवारी फाईल कशी बंद करतील?"

टायवाल्याने फोन काढला. नियम त्याचाच होता. घरातल्या माणसाने घेतलेली टेस्ट चालते का, हे त्याने मॅनेजरला फोन लावून विचारलं. पलीकडून चालते असं आलं.

"डिझेल पुढच्या बुधवारी बघू," मास्तर म्हणाले. "रिकामी नको. भरून बघू. घरी सहा घरांचे पडदे शिवून पडलेत, पत्ते तिच्या वहीत आहेत. स्टूल तुमच्याकडे आहे का आमचं आणू?"

"तुमचं आणा. आमचं हलतं."

त्याला दोन महिने झाले. मुलगी आणि मेहुणा अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मास्तर दर बुधवारी दुकान बंद ठेवतात, एकदा पेट्रोल, एकदा डिझेल. दोन दांड्या तिरक्या बसल्या म्हणून गिऱ्हाइकांनी परत बोलावलं, त्यात दोन बुधवार गेले. एका घरी टायवाल्याने मास्तरांना पडद्याच्या चुण्या कशा धरायच्या ते शिकवलं आणि मास्तरांनी मुकाट्याने शिकून घेतलं.

चार घरांचे पडदे लागले. दोन घरांचे राहिलेत. पेट्रोल की डिझेल, ते ठरायचं राहिलंय.