साहेबांचं ताट

“लाडके, लहान पातेलं साहेबांचं, मोठं बायांचं. घोळ घालू नकोस हां,” अंगणवाडीच्या मंगलाबाईंनी तिसऱ्यांदा बजावलं.

“नाय घालत, बाई.”

लाडकी चार वर्षं इथे मदतनीस. तिच्या हातावर बाईंचा भरवसा होता. तोंडावर तर त्याहून जास्त, कारण ते कधी उघडत नसे.

तपासणीला दोन पातेली चढायची, हा रिवाजच होता. लहानात घट्ट डाळ आणि तीन अंडी: साहेब, कारकून, ड्रायव्हर. मोठ्यात रोजचं पाणी, डाळीची नुसती ओळख असलेलं. पाड्यावरच्या गरोदर बायांना रोज पोटभर गरम जेवण द्या, असा सरकारचा हुकूम होता. सरकार सामान धाडतही होतं. फक्त ते बाईंच्या नवऱ्याच्या बोईसरच्या खानावळीत उतरायचं. कारखान्यातले कामगार तिथल्या अंडाकरीवर भलते खूश होते.

दोन महिन्यांपूर्वी लाडकीची सून दीपिका बाळंतपणात पालघरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. अंगात रक्तच नव्हतं. बाईंनी रजिस्टरात लिहिलं, ‘गैरसमजुतीमुळे आहार घेत नसे.’ पाड्यावर येणाऱ्या नर्सने ते लाडकीला वाचून दाखवलं. दीपिका ताट बोटाने पुसून खायची. आणि त्या ताटात पाणी वाढणारा हात लाडकीचा होता.

साहेब आले, बायांच्या पंगतीतच बसले. लाडकीने वाढायला घेतलं. सहा जणींपुढे अर्धं-अर्धं अंडं आलं. त्या दचकून एकमेकींकडे बघू लागल्या.

“खावा गो! बघत काय बसल्याव?”

साहेबांच्या ताटात मात्र पिवळं पाणी भाताला वळसा घालून पार काठाला लागलं. त्यांनी घास घेतला, थांबले. “रोज असंच असतं?”

“नाय, साहेब. तुमी येनार म्हनून आज मीठ टाकलंय.”

बाईंचा चेहरा उतरला. त्या लाडकीच्या कानाशी लागल्या, “अगं, शिजवलंस तू! तुझंपण नाव येईल!”

“पयलं माझंच लिवा, साहेब,” लाडकी मोठ्याने म्हणाली. “दुसरं बाईंचं. मंग चला बोईसरला, खानावळ मी दाखवते.”

कारकुनाने जबाब लिहिला. लाडकीने अंगठा दिला.

“आते, डाळ हाय का अजून?” पंगतीतल्या शेवटच्या पोरीने भीतभीत विचारलं.

शाई लागू नये म्हणून अंगठा आत मुडपून लाडकी लहान पातेल्याचा तळ खरवडू लागली.