गुणमालेचा भाग

सत्त्याहत्तर साली सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्गाला मुलगी एकच. हळदीचे व्यापारी आदगोंडाअण्णा यांची गुणमाला. तिच्या गटात कडेगावचा गुंडा आणि इस्लामपूरचा अर्जुना. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे साखर कारखान्याला कॉम्प्युटरनं ठरवून द्यायचं, असा त्यांचा प्रोजेक्ट. कॉम्प्युटर मात्र पुण्यात. इथं प्रोग्रॅमच्या कार्डांना भोकं पाडायची, ती एस.टी.नं तिकडं पाठवायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं.

तिघांनी प्रोग्रॅमचे तीन भाग वाटून घेतले होते. ज्याचा भाग त्यालाच ठाऊक. दिवाळीनंतर अर्जुना तापानं पडला आणि त्याचा भाग उरलेल्या दोघांना वाचताही येईना. काम ठप्प. तेव्हापासून गुणमालेनं दंडकच घातला, की दर शनिवारी प्रत्येकानं दुसऱ्याचा भाग फळ्यावर समजावून सांगायचा. गुंड्याच्या नाकी नऊ आले, पण तिनं पिच्छा सोडला नाही. शेवटी तिचा सगळ्यांत अवघड भागही तो घडाघडा सांगू लागला.

अशात तिचं लग्न ठरलं. मुहूर्त फाल्गुनातला, परीक्षा वैशाखात. लग्नानंतर परीक्षेला पाठवू म्हणणारे पुष्कळ असतात, पाठवतं कोण? परीक्षेनंतरचा मुहूर्त धरा, म्हणून तिनं अण्णांपुढं हात जोडले.

अण्णा वाईट माणूस नव्हते, तेच तर दुखणं. ते म्हणाले, "भागीदारीतलं काम अर्धं टाकून उठायचं आपल्या घरात न्हाई. तुझ्यावाचून त्या पोरांचं अडत असंल तर मी व्याह्यांच्या पाया पडतो. पण अडतंय का, ते मी त्यांनाच विचारणार."

गुणमालेला वाटलं, सुटले. गुंड्याला आधी सांगून ठेवावं असं मनात आलंही, पण पढवलेली साक्ष तिला नको होती.

रविवारी गुंडा पुण्याहून आलेले कागद घेऊन दुकानात आला. प्रोग्रॅम एकदाचा चालला होता, गडी नुसता हवेत होता. ती आतल्या दाराशी उभी होती. अण्णांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "ही मधेच गेली तर तुमचं अडंल का रं?"

बाप लेकीचं कौतुक ऐकायला बसलाय, असं गुंड्याला वाटलं.

"आवं अण्णा, अडतंय कशाचं? हिनं आमाला असं तयार केलंय, उद्या ही नसली तरी हिचा भाग आमी झोपेत सांगू. लय हुशार हाय तुमची लेक."

अण्णांचा जीव भांड्यात पडला. "मग फाल्गुनातच उरकू," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडं वळले.

गुंड्याला खरा प्रकार कळला तो पायरीवर, तिनं सांगितल्यावर. त्याचा चेहरा उतरला.

"आधी सांगायचं न्हाई व्हय? अडतंय म्हणलो असतो की."

"खोटं?"

गुणमालेला रडू फुटलं. आपण नसलो तरी अडू नये, असंच तर तिनं ते काम बांधलं होतं.

"तोंडी परीक्षेत माझा भाग तूच सांग," ती डोळे पुसत म्हणाली. "अर्जुना घाई करतो."