हात उचलून पुन्हा ठेवा

मित्रांनो, मी एक जुना प्रोब आहे. सोनोग्राफीच्या यंत्राला वायरने जोडलेला, मुठीत मावणारा. नाशिकच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी १९९४ साली आलो. मिटलेल्या पापणीवर गार जेल लावून मला टेकवले, की डोळ्यामागचे रक्त किती वेगाने वाहते ते मी सांगायचो. पडद्यावर आकडा उमटे आणि अंधाऱ्या खोलीत आवाज येई, हूश्श, हूश्श. भिंतीपलीकडे कोणी धापा टाकत असल्यासारखा. पेशंट घाबरून जात. मला मात्र त्या आवाजाचा भारी गर्व होता.

दवाखान्याचा नियम होता, तीनदा मोजायचे आणि दर वेळी हात उचलून पुन्हा ठेवायचा.

१९९८ मध्ये हरसूलच्या नवसाबाई आल्या. त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता आणि आता उजवाही अंधुक झाला होता. टेक्निशियन सुनीलने चित्र स्पष्ट दिसावे म्हणून मला पापणीवर चांगलेच दाबले. खोली एकदम गप्प झाली. आकडा शून्य. सुनीलने हात न उचलताच तीनदा शून्य लिहून टाकले.

आता या डोळ्यासाठी करण्यासारखे काही उरले नाही, असेच तो कागद सांगत होता. डॉक्टर मोहिनींनी तो दोनदा वाचला.

"सुनील, तिन्ही वेळा अगदी सारखं? हात उचलला होतास का?"

"नाही मॅडम. पहिलं नीट आलं, म्हणून..."

मोहिनींनी भरपूर जेल घातले आणि मला नुसते त्यावर टेकवले. क्षणभर काहीच नाही. मग लांबून यावा तसा आवाज आला. हूश्श. हूश्श.

"बाई, कोन हाय तिथं?" नवसाबाईंनी विचारले.

"तुमचंच रक्त आहे मावशी. डोळ्यापर्यंत पोचतंय."

"मंग मघाशी का गप झालं व्हतं?"

मोहिनींनी सुनीलकडे पाहिले. कारण मला ठाऊक होते. ज्या रक्ताला शोधत होतो, त्याचाच गळा मी दाबला होता. मला माझीच भीती वाटली.

नवसाबाईंचा डोळा वाचला. पण मोहिनींनी जुने कागद काढले, तेव्हा आणखी अकरा जणांच्या नावापुढे तीन तीन शून्ये निघाली. पुन्हा तपासायला या, अशी सगळ्यांना पत्रे गेली. चौघे आले.

आज माझी वायर कापलेली आहे आणि मी कपाटात पडून आहे. तरी भर दुपारी मला ते हूश्श, हूश्श आवाज ऐकू येतात. नवी टेक्निशियन अफरीन कपाटाशी थबकते.

"मॅडम, आत काही चालू आहे का?"

"नाही गं, ते कधीच बंद पडलंय."

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र कधी हाती आले, तर ते हलके धरा. एकदा मोजून थांबू नका. हात उचला, पुन्हा ठेवा. माझ्या शांततेवर विश्वास ठेवून घरी गेलेले सात जण परत आलेच नाहीत, आणि कपाटातले आवाज मी रोज मोजतो. ते सातच भरतात.