बाबांचा भुऱ्या

आनंदरावांना लकवा झाला तेव्हा प्रेमलता तेहतीस वर्षांची होती. आनंदराव म्हणजे तिचे वडील. टपालाच्या रेल्वे डब्यात उभ्याउभ्या तीस वर्षं पत्रं गावांप्रमाणे निवडून लावलेला माणूस. आवाज असा, की नागपूरच्या धरमपेठेतल्या आपल्या ओट्यावरून त्यांनी हाक मारली की पार चौकातला पानवाला मान वळवायचा. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. एका सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून गळाला, उजवं अंग लुळं पडलं आणि जीभही गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप समजा.

आई जाऊन बारा वर्षं झाली होती. धाकटा अनंत भिलाईला नोकरीला. तो आठ दिवस राहिला, बापाच्या पायथ्याशी बसून रडला आणि रजा संपली म्हणून गेला. जाताना म्हणाला, "तू हायेस म्हणून मले काळजी नाही, ताई." त्याच्या या वाक्यावर प्रेमलताची पुढची वर्षं उभी राहिली.

ती मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. पहाटे उठायचं, बाबांचं सगळं करायचं, अंग पुसायचं, लुळ्या हातापायाला तेल चोळायचं, मऊ भात चमच्यानं भरवायचा आणि साडेदहाला सायकल काढायची. दुपारी शेजारच्या पार्वतीबाई सुपात तांदूळ घेऊन बाबांजवळ येऊन बसत. विधवा बाई, निवडता निवडता स्वतःशीच बोलायच्या. संध्याकाळी प्रेमलता परतली की पुन्हा तेच.

तिचं लग्न झालं नव्हतं, पण ते होऊ नये अशी काही तिची प्रतिज्ञा नव्हती. शाळेतल्या गणिताच्या सरांनी तिला विचारलं होतं, तिनं होही म्हटलं होतं. सर बौद्ध घरातले. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली होती. आनंदराव तेव्हा धडधाकट होते. ओट्यावर उभे राहून म्हणाले, "माही तिरडी उचलल्यावर कर काय करायचं ते." सरांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि अमरावतीला बदली करून घेतली. त्यानंतर त्या घरात लग्नाचा विषय निघाला नाही. बापलेकीत तो दगडासारखा पडून राहिला. दोघंही त्याला वळसा घालून चालत.

कुत्रा त्यांनी आणलेला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची बदली जबलपूरला झाली. त्यांनी सामान नेलं, कुंड्या नेल्या आणि कुत्रा फाटकाशी सोडला. भुरकट रंगाचा, गावठी, एक कान उभा, दुसरा दुमडलेला. प्रेमलतानं त्याला तीनदा हाकललं. एकाचं करता करताच तिच्या नाकी नऊ आले होते. चौथ्या दिवशी तो सरळ आत शिरला आणि बाबांच्या खाटेखाली जाऊन बसला. बाबांचा लुळा हात खाटेवरून लोंबत होता. कुत्र्यानं त्या हाताला नाक लावलं. प्रेमलता झाडू घेऊन धावली. तेव्हा बाबांनी डावा हात वर करून घशातून एक आवाज काढला. राहू दे, असा. आठ महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. तिनं झाडू खाली ठेवला.

पुढे जे झालं ते साऱ्या गल्लीनं पाहिलं. भुऱ्या रोज त्या हाताखाली डोकं घालून बसायचा आणि हात हलला नाही तर नाकानं ढोसायचा. महिनाभरात बाबांची दोन बोटं त्याचा कान खाजवू लागली. डॉक्टर म्हणाले, सोडू नका, हा चांगला व्यायाम आहे. दोन महिन्यांनी बाबा भिंतीला धरून उभे राहिले. पोळ्यापर्यंत डाव्या हातात काठी घेऊन ते ओट्यापर्यंत जाऊ लागले. भुऱ्या एक पाऊल पुढे चालायचा, मागे वळून थांबायचा, मग पुन्हा एक पाऊल. एकदा खारीमागे धावताना तो ओल्या फरशीवरून घसरला आणि थेट बादलीवर जाऊन आदळला. बाबा हसले. अर्ध्याच तोंडानं, पण पोट हलेपर्यंत हसले. प्रेमलता कणकेचा गोळा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात ते बघत राहिली. इतकी वर्षं आपण याच माणसाच्या घरात राहतो आणि याचं हसणं आपण विसरूनच गेलो होतो, असं तिला वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांच्या तोंडून शब्द आला. "भु...या." प्रेमलता धावत बाहेर आली. ती रडली, तिनं गल्लीत पेढे वाटले. मग खाटेशी बसून म्हणाली, "बाबा, आता माझं नाव घ्या. प्रेमा म्हणा."

बाबांनी ओठ जुळवले. "पे...मा."

"पे नाही, बाबा. प्रे. जीभ थोडी वर न्या. प्रे-मा."

"पे..."

"असं नाही. पुन्हा म्हणा."

तिसऱ्यांदा त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे वळले. त्यानंतर तिनं आपलं अर्धं नावही त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. शब्द मात्र येत राहिले, पण ते सगळे कुत्र्यासाठी. ये. बस. पोळी. गाढवा. तिला काही सांगायचं असलं की ते बोट दाखवत. कधी नुसतंच "ए" म्हणत.

दिवाळीला अनंत आला. बाप उभा असलेला पाहून त्याचे डोळे भरून आले. "कुत्र्यानं कमाल केली, ताई! माणूस उभा केला ना!" तो ज्याला त्याला हेच सांगत सुटला. पुढच्या खेपेला त्यानं भुऱ्यासाठी चामड्याचा पट्टा आणला. प्रेमलतासाठी साडी आणली. रंग जातो म्हणून त्याच्या बायकोनं बाजूला टाकलेली. रोजच्या तेल चोळण्याबद्दल, रोजच्या शौचाच्या भांड्याबद्दल, पाठीला व्रण पडू नये म्हणून दर तीन तासांनी कूस बदलून दिल्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ती कुत्र्यानं केलेली कमाल होती. प्रेमलता पोळ्या लाटताना शेवटची पोळी मुद्दाम करपवायची आणि ती भुऱ्यापुढे टाकायची. तो तीही शेपटी हलवत खायचा. त्याचा तिला जास्तच राग यायचा.

जानेवारीत ती तापानं पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी घशाला कोरड पडली होती, उठवत नव्हतं. दारावरून बाबा चालले होते, पुढे भुऱ्या.

"बाबा, पाणी," ती म्हणाली.

बाबा थांबले. तिच्याकडे पाहिलं. ओठ हलल्यासारखे झाले. मग काठी टेकत ते तसेच बाहेर निघून गेले. थोड्या वेळानं पार्वतीबाई आल्या आणि त्यांनी तिला पाणी पाजलं. प्रेमलताला वाटलं, त्या सहजच आल्या. ताप उतरला, पण बाबा निघून गेले ते दृश्य काही डोळ्यांपुढून जाईना. कुत्र्यासाठी यांच्या तोंडात शब्द आहेत. माझ्यासाठी पेलाभर पाणी नाही.

शाळेचा शिपाई कवडू काटोलकडचा. त्याच्या साळ्याची संत्र्याची बाग होती आणि वांदरांनी उच्छाद मांडला होता. "एखादा चांगला कुत्रा पाह्यजे होता जी, बाई," तो बोलता बोलता म्हणाला. प्रेमलता म्हणाली, "माझ्याकडे आहे."

शनिवारी सकाळची शाळा. बाबा जेवून झोपले होते. कोपऱ्यावर संत्र्याचा माल उतरवून काटोलला परतणारा रिकामा ट्रक उभा होता. तिनं स्वतः भुऱ्याला उचलून ट्रकमध्ये ठेवलं. चामड्याचा पट्टा काढून घ्यायलाही ती विसरली नाही. ट्रक हलला तेव्हा तो मागच्या फळीवर पुढचे पाय टेकून तिच्याकडे बघत होता. तीही मागून येईल असंच त्याला वाटत असावं. प्रेमलता घरी आली आणि तिनं पट्टा ट्रंकेत तळाशी टाकला.

"पळाला असेल," बाबा उठल्यावर ती म्हणाली. "गावठीच जात. येईल नाहीतर जाईल."

बाबांनी दिवेलागणीपर्यंत ओट्यावरून हाका मारल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. आवाज बसला. पानवाला म्हणाला, "बाबूजी, मी पाहतो ना, तुम्ही बसा." चौथ्या दिवशी ती शाळेत असताना, पार्वतीबाईंची वाट न पाहता, आनंदराव काठी घेऊन एकटेच फाटकाबाहेर पडले. भाजीबाजाराच्या मागच्या नालीत ते लोकांना सापडले. खुबा मोडला होता आणि दुसरा झटका येऊन गेला होता.

इस्पितळात, व्हरांड्यातल्या बाकावर, पार्वतीबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "कुत्रा गेला आन् त्याहिचा अभ्यासच बंद झाला पोरी."

"कसला अभ्यास?"

"तुह्या नावाचा वं! तू शायेत गेली की रोज दुपारी भुऱ्याले समोर बसवे. पेमा, पेमा, पेमा. ते मधलं 'र' जमे नाही त्याहिले. चुकलं की कुत्र्यालेच म्हने, गाढवा. मी म्हटलं, भाऊजी, तिच्यापुढं म्हना ना, तिले कित्ती बरं वाटन. तं अशी मान हलवे. मास्तरीन हाय ना तू. तुह्यापुढं चुकीचं कसं म्हनाव?"

प्रेमलता बाकावर त्यांच्याकडे वळून बसली.

"तुले ताप होता तवा माह्या दारात येऊन हुबे राह्यले. घामाघूम. पेमा, पानी, पेमा, पानी. मी घाबरलीच. धावत आली."

"तुम्ही मला सांगितलं नाही, पार्वतीकाकू."

"सांगू नोका म्हनून हात जोडले त्याहिनं. पुरं आलं की मीच म्हनीन, असं काहीतरी खुनवे. मले काय मालूम असं होईन म्हनून."

रविवारी प्रेमलता एसटीनं काटोलला गेली. बाग गावापासून कोसभर आत होती. भुऱ्या बांधावर दोरीनं बांधलेला होता, गळ्याची कातडी दोरीनं सोलवटलेली. कवडूचा साळा म्हणाला, "हा नाही कामाचा, बाई. वांदरं राह्यली बाजूले, दिवसभर रस्त्याकडं तोंड करून रडून राह्यला. खाईना बी." तिला पाहताच भुऱ्यानं अशी उडी मारली की दोरीनं तो पुन्हा खाली आपटला. तो तिचे हात चाटत होता, रडत होता, नाचत होता. ज्या हातांनी त्याला ट्रकवर ठेवलं, तेच हात. त्यानं गुरगुरावं, निदान एकदा चावावं, असं तिला मनापासून वाटलं. तो चावला नाही. संत्र्याच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, त्याला मांडीवर घेऊन ती नागपूरला परतली.

बाबांना घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ आता आवाज नव्हता, फक्त डोळे होते. भुऱ्या खाटेशी गेला. लोंबता हात त्यानं नाकानं ढोसला. पुन्हा ढोसला. बोटं हलली नाहीत. बाबा त्याच्या सोललेल्या गळ्याकडे बघत होते. मग त्यांनी प्रेमलताकडे पाहिलं.

"तो पळाला नव्हता, बाबा," ती म्हणाली. "मी दिला होता. मीच."

बाबांनी डोळे मिटले. रागानं की दमून, की आणखी कशानं, हे तिला कधीच कळलं नाही. ती खाटेशी बसून राहिली. "पेमा म्हटलं तरी चालेल, बाबा. मला चालेल," असं तिनं किती वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पुढचे तीन महिने. भर वैशाखात, दुपारी, ती मडक्यातून पाणी घेत असताना ते गेले. कुत्रा भुंकला म्हणून तिला कळलं.

तेराव्याला अनंत म्हणाला, "आता भिलाईले चाल, ताई. एकटी कशी राहशीन? कुत्र्याले देऊन टाकू कोनालेतरी."

"कोणालाही द्यायचा नाही," ती इतक्या जोरात म्हणाली की बायकांनी पंगतीतून माना वळवल्या.

ती गेली नाही. भुऱ्या पुढे नऊ वर्षं तिच्याजवळ राहिला. शाळेतून यायच्या वेळी तो चौकात पानवाल्याच्या दुकानाशी बसलेला असायचा आणि सायकलीबरोबर घरापर्यंत धावायचा. रात्री तिच्या पलंगाशी झोपायचा. परीक्षेचे पेपर तपासताना तिच्या पायावर डोकं ठेवायचा. तिचं पुढचं एकटेपण त्यानंच निभावलं, हे ती नाकारत नव्हती. हाताखाली ते गरम डोकं आलं की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं की लगेच लाज वाटायची. त्याच्यासाठीची पोळी ती आता सगळ्यात आधी लाटायची.

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या बायका आपसात म्हणायच्या, बाप गेला तरी बापाचं कुत्रं किती मायेनं सांभाळते बघा, अशी लेक मिळायला पुण्य लागतं. एकदा सत्यनारायणाच्या पूजेला कुणीतरी हे तिच्या तोंडावरच म्हटलं. पार्वतीबाई शेजारीच बसल्या होत्या. कुत्रा पळाला होता आणि परत सापडला, एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांनीही मान डोलावली. प्रेमलतानं प्रसाद हातात घेतला, सगळ्यांना नमस्कार केला आणि घरी निघून आली.