सुमित्राचं इंजेक्शन

नवं मध्य प्रदेश राज्य झालं, अच्युतची बदली नागपूरहून भोपाळच्या सचिवालयात झाली आणि बिऱ्हाडाबरोबर धाकट्या बहिणीचा, सुमित्राचा, क्षयही भोपाळला आला. इथे इंजेक्शनं सुरू झाल्यावर तिचा खोकला उणावला. म्हणूनच परवापासून ती भिंत धरून चालू लागली तरी कुणी मनावर घेतलं नाही.

"वहिनी, कानात सारखी शिट्टी वाजते गं."

अच्युतच्या बायकोच्या, कमलिनीच्या, मनात पाल चुकचुकली. "अशक्तपणा आहे," म्हणून अच्युत ऑफिसला गेला. शेजारीण म्हणाली, औषध उष्ण पडलंय, सगळंच बंद करा. खरं कोणाचं मानायचं?

कंपाउंडर आला. त्याने स्टोव्हवर सुई उकळायला ठेवली. कमलिनीने औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडला. इंग्रजी, मुंगीएवढं अक्षर. मॅट्रिकच्या शिदोरीवर ती बोट ठेवून वाचत गेली. चक्कर. कानात आवाज. पुढे बहिरेपणा, कदाचित कायमचा.

"आज सुई नको."

"भाभीजी, नागा मत कीजिए. बीमारी पलट आएगी."

सुई चुकली तर दुखणं उलटतं, हे सांगण्यात तोही खोटं बोलत नव्हता. पंचाईत हीच होती.

"मग ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारते," म्हणत तिने टांगा बोलावला आणि सुमित्राला बरोबर घेतलं.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरांनी मान वर न करताच सांगितलं, "इंजेक्शन चालू ठेवा." पुढचा रोगी आत आला, तरी कमलिनी हलली नाही. म्हणाली, "साहेब, हा कागद औषधाबरोबरच आलाय. मला जेवढा कळला, तेवढं सगळं हिला होतंय. चुकीचं कळलं असेल तर सांगा."

डॉक्टरांनी आता वर पाहिलं. सुमित्राला डोळे मिटायला सांगून उभं केलं. ती अशी झुकली की कमलिनीने सावरली नसती तर कोसळलीच असती. मग त्यांनी आपलं घड्याळ तिच्या उजव्या कानाशी धरलं. "येतोय आवाज," ती म्हणाली. त्यांनी ते डाव्या कानाजवळ नेलं. सुमित्राचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"लावताय ना घड्याळ?" सुमित्राने विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "इंजेक्शन आजपासून बंद. दुसरं औषध देतो. पण गोळ्या चुकवायच्या नाहीत, कुणी काहीही सांगो."

परतताना टांग्यात कमलिनी दोनदा काही बोलली. सुमित्रा समोर बघत राहिली. तेव्हा कमलिनी टांगा थांबवून उतरली आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

आजार पुढे बरा झाला, चक्करही हळूहळू ओसरली. डावा कान मात्र गेला तो गेलाच.