लिफ्ट नसलेलं जहाज

"ह्याच्या लिफ्टचं दार किती रुंद असतं?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

टेबलापलीकडच्या मुलीचं बोट जहाजाच्या चित्रावरच थांबलं. सहल कंपनीच्या त्या कचेरीत ती रोज माणसांना जहाजं दाखवायची. कुणी जेवणाची चौकशी करायचं, कुणी नाचगाण्याची, कुणी उलट्या होतात का ते हळूच विचारायचं. लिफ्टचं दार आजवर कुणी मोजायला काढलं नव्हतं.

"चांगलं रुंद असतं, काका. दहा-बारा माणसं मावतात."

"माणसांचं नाही हो. चाकाची खुर्ची सरळ आत जाईल ना? की तिरकी करावी लागते? आणि बाथरूमला उंबरा आहे की सपाट?"

"सपाट. धरायला दांड्यापण आहेत. तशा खास केबिन असतात."

"डॉक्टर?"

"असतात की."

"आणि रात्री बेल मारली तर कोणी येतं, की ती आपली नुसतीच वाजत राहते?"

मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, तुमच्याबरोबर पेशंट कोण आहे?"

लिफ्टवाल्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, जणू तिथे कुणी असेल तर आत्ताच विचारून घ्यावं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "मी एकटाच."

लिफ्टवाले म्हणजे उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. नाव कामामुळे पडलं, आणि काम सुटलं तरी नाव सुटलं नाही. काम त्यांनी निवृत्तीच्या बरंच आधी सोडलं. एका सकाळी बायको हातात चहाचा कप घेऊन उभी होती ती तशीच खाली बसली, आणि तिची डावी बाजू पुन्हा उठली नाही. तेव्हापासून दहा-अकरा वर्षं तिचं उठणं, बसणं, अंघोळ, खाणं, सगळं ह्यांच्या हातावर. नर्स ठेवून पाहिली होती. पण लकव्याने बायकोच्या जिभेला हातही लावला नव्हता. दोन नर्स आल्या आणि आठवडा भरायच्या आत पळाल्या.

जीभ तिखट होती, पण बाई मजेदार होती. लग्न झालं तेव्हापासून ती नवऱ्याला म्हणायची, "तुमचं आपलं आयुष्यभर वर आणि खाली, वर आणि खाली. पुढे कधी जाणार?" आजारपणातही तिने हा विनोद सोडला नाही. तिला सगळ्यात भीती वाऱ्याची. झुळूक लागली की गेलेली बाजू ठणकायची, आणि मग ती रात्रभर कण्हायची. म्हणून लिफ्टवाल्यांनी तिच्या खोलीच्या खिडकीला चहूबाजूंनी रबराची पट्टी चिकटवली. पंखा बंद, हीटर चालू. त्या उबेत ते तिला भरवायचे, पुसायचे, कूस बदलून द्यायचे, आणि घामाच्या धारा त्यांच्या पाठीवरून वाहायच्या. तक्रार करायचा प्रश्न नव्हता. बायको होती, आवडती होती.

तीन महिन्यांपूर्वी ती गेली. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलला, "सुटली बिचारी." लिफ्टवाले मान हलवायचे. गेलेल्या माणसाला सुटला म्हणायची जगात रीत आहे. मागे राहिलेल्याने मात्र तो शब्द स्वतःसाठी वापरायचा नसतो. पहिल्याच रात्री ते ढाराढूर झोपले. सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की पांघरूण डोक्यावर ओढून ते बराच वेळ पडून राहिले.

"तुम्हाला नक्की काय बघायचंय, काका?" मुलीने आता जरा हळू आवाजात विचारलं. "कुणाला डोंगर बघायचे असतात, कुणाला देवमासे."

"थंडी."

"थंडी?"

"वारा हो. असा तोंडावर येणारा. गारेगार."

मुलगी हसली नाही. मोठ्या जहाजांची पत्रकं तिने बाजूला सारली आणि खालून एक काढलं. "मग हे बघा. जुनं आहे, लहान आहे. ना नाच, ना पोहायचा तलाव. पण दोन डोंगरांमधल्या अरुंद खाड्यांतून आत आत जातं, पार बर्फाच्या कड्यांपर्यंत. मोठी जहाजं तिथे शिरूच शकत नाहीत. फक्त एक अडचण आहे, तुम्हाला कशी सांगू? ह्याला लिफ्ट नाही."

"लिफ्टच नाही?"

"नाही. जिने आहेत. तेही उभे."

लिफ्टवाल्यांना हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने वळून पाहिलं, तरी ते थांबेना. जन्मभर ज्याने लिफ्टच्या तारा तपासल्या, त्याला आपलं जहाज सापडलं ते बिनालिफ्टचं.

डोळे पुसत त्यांनी विचारलं, "आणि डेकवर उभं राहिलं तर किती वेळ राहू देतात?"

"कंटाळा येईपर्यंत. कोणी आत बोलवायला येत नाही."

इतकी वर्षं ते जिन्यात, दारात, कचऱ्याच्या डब्यापाशी, कुठेही जरा रेंगाळले की आतून हाक यायची, "अहो!" कधी पाणी हवं असायचं, कधी उशी सरकलेली असायची, आणि कधी काहीच नसायचं, नुसतं आहात ना एवढंच बघायचं असायचं.

"हेच द्या," ते म्हणाले.

जहाज ठरलं. पण घरी येता येता मनात चोरटेपणा आला. समोरच्या वहिनी दारातच भेटल्या, तर त्यांना सांगून टाकलं की जुन्या मित्राकडे चार दिवस हवापालटाला जातोय. "जा हो जा," वहिनी म्हणाल्या, "तेवढाच दुःखाचा विसर." लिफ्टवाले अगदी कानकोंडे झाले आणि कुलपात किल्ली उलटी घालत बसले.

लोक काय म्हणतील ह्याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. लोक दोन दिवस बोलतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुसरा विषय मिळतो. पर्वा होती ती लेकीची. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची, दर रविवारी फोन करायची. आई गेली तेव्हा बापाच्या गळ्यात पडून तिने एकच धोशा लावला होता, "बाबा, आता तुमचं कसं होणार?" फोनवरही तेच. "झोप लागते का?" ती विचारायची, आणि हे "लागते थोडीफार" म्हणायचे. आता तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की आईला जाऊन तीन महिने होतात न होतात तोच बाप बर्फ बघायला निघालाय? आपलं म्हणावं असं माणूस ती एकच उरली होती. तिच्या मनातून उतरलो तर उरलेलं आयुष्य त्या रबराच्या पट्टीच्या आतच गेलं असं समजायचं. म्हणून प्रत्येक रविवारी ते सांगायचं ठरवायचे आणि प्रत्येक रविवारी घोडं तिथेच अडायचं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी बॅग बायकोच्या पलंगावर उघडली. सहलीवाल्या मुलीने सांगितलं होतं, एक जाडजूड कोट घेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, कांद्यासारखे. त्याप्रमाणे लोकरी गंजिफ्रॉक, स्वेटर, पाणी न शिरणारं जाकीट, जाड मोजे, कानटोपी असं सगळं आणलं होतं. ते पलंगाच्या एका कडेला रचून ठेवलं आणि बॅग भरायला घेतली. बॅग त्यांनी आयुष्यात पुष्कळदा भरली होती, पण ती एकाच ठिकाणी जायला. त्यामुळे डोकं बर्फात असलं तरी हात आपल्या सवयीने चालत राहिले. थर्मामीटर गेला, औषधांचा डबा गेला, अंथरायचं रबरी कापड घडी होऊन गेलं, चोचीचा कप गेला, उशाशी ठेवायची छोटी घंटा रुमालात गुंडाळून गेली. मग दाढीचं सामान संपल्याचं आठवलं, म्हणून ते खाली दुकानात गेले.

परत आले तर दार उघडं. लेक आली होती. तिच्याकडे घराची किल्ली असायची. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, मांडीवर ते रबरी कापड, हातात घंटा. चेहरा पांढराफटक.

"कधीपासून लपवताय?" तिने विचारलं.

लिफ्टवाल्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "सांगणार होतो गं. धीर होत नव्हता."

"म्हणून फोनवर असं तुटक बोलत होतात! मला वाटलंच काहीतरी आहे, म्हणून आले. कुठल्या भागात आहे?"

"उत्तरेकडे," ते पुटपुटले. "पार वर."

"उत्तरेकडे काय? बाबा, कुठल्या हॉस्पिटलात निघालात तुम्ही?"

आता लिफ्टवाल्यांनी पहिल्यांदा बॅगेकडे परक्या नजरेने पाहिलं. थर्मामीटर, औषधं, चोचीचा कप. जहाजाच्या आठ दिवसांचं सामान ते हेच का? त्यांनी घाईघाईने कपड्यांच्या ढिगाखालून पत्रक ओढलं आणि तिच्या हातात दिलं. वर निळंशार पाणी, त्यात एक इवलंसं जहाज, मागे आभाळाला भिडलेला बर्फाचा कडा.

"हे काय?"

"इथे चाललोय. मला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी."

तिने पत्रक उलटं केलं, सुलटं केलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. "बाबा, जीव जायची वेळ आली होती माझी! जहाजावर कोणी चोचीचा कप नेतं का?" तिचा जीव भांड्यात पडला होता. आई गेल्यापासून ती इतकी मोठ्याने हसली नव्हती. इथेच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण लिफ्टवाल्यांना वाटलं, आत्ता बोललो नाही तर कधीच नाही.

"ऐक," ते तिच्याशेजारी बसत म्हणाले. "तू विचारतेस, झोप लागते का. लागते. चांगली लागते. तुझी आई गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिची आठवण येते, रोज येते, पण सुटल्यासारखंही वाटतं. तुला वाईट वाटेल, पण हे असं आहे."

लेक बराच वेळ घंटेच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिली.

"तुमचा फोन आला ना," शेवटी ती म्हणाली, "की मी उचलायलाच घाबरायचे. वर्गात असले, झोपेत असले, तरी वाटायचं, आलीच बातमी. इतकी वर्षं, बाबा. आता फोन वाजतो आणि मी नुसता उचलते. हे मी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. म्हटलं, कसली मुलगी मी."

"चांगली मुलगी आहेस," लिफ्टवाले म्हणाले. त्यांच्या छातीवरून कुणीतरी मोठं ओझं उचलल्यासारखं झालं. दोघंही डोळे पुसत होती आणि दोघांनाही बरं वाटत होतं.

मग तिने शाळेतल्या बाईंसारखा पदर खोचला आणि बॅग रिकामी केली. कप, घंटा, रबरी कापड कपाटात गेलं. "आईने बघितलं असतं तर?" ती मोजे भरता भरता म्हणाली.

"म्हणाली असती, मला टाकून कुठे निघालात?"

"आणि मग म्हणाली असती, अखेर पुढे निघालात म्हणायचं!"

"ते नंतर. आधी रुसली असती." तिला उगीच देवी करायची लिफ्टवाल्यांची तयारी नव्हती. जशी होती तशीच ती त्यांना हवी होती.

बॅग बंद करून लेकीने जमिनीवर ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला. हीटर बंद असूनही खोली जुन्या सवयीने कोंदटच होती. "पण तुम्हाला थंडी झेपणार आहे का? इतकी वर्षं ह्या उबेत काढलीत."

"बघू या की," लिफ्टवाले म्हणाले आणि पेचकस घेऊन आले.

रबराची पट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली होती, आणि चोख काम करायची खोड असल्यामुळे ती निघता निघेना. कोपऱ्यापासून उचकटत, ओढत, शेवटी लांबच्या लांब काळी पट्टी सुटून त्यांच्या पायाशी पडली. खिडकीला एक धक्का, दुसरा धक्का, आणि ती करकरत उघडली. बाहेर थंडी पडायला लागलीच होती. वारा धाडकन आत आला. पडदा उडाला, पत्रक उडालं, लेकीचे केस तोंडावर आले. लिफ्टवाल्यांनी डोळे मिटून तो वारा पुरता तोंडावर घेतला. बरं वाटलं, आणि ह्या वेळी लाज वाटली नाही.

तेवढ्यात त्यांचा हात मागे गेला. पलंगाच्या पायथ्याशी घडी करून ठेवलेलं ब्लँकेट त्यांनी उलगडलं, रिकाम्या गादीवर पसरलं, आणि पायांच्या बाजूने गादीखाली नीट खोचलं, डावीकडे जरा जास्तच. खोचून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

लेक बघत होती. पलीकडे वळून तिने उशाकडची सुरकुती हाताने सारखी केली. खिडकी मात्र दोघांनीही लावली नाही.